छंदाच्या जुन्या साहित्याची विक्री : कर आणि कटकटी

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून शिक्षण, विवाह, आरोग्य अशा गंभीर विषयांवर व्याख्याने व्हावयाची, हा आपला शिरस्ता आहे. चिटणिसांनी यंदा आम्हांस सोपविलेला विषय त्या मानाने क्षुल्लक भासेल. कपाटात पडलेला कॅमेरा, दुर्बीण, शिलाईयंत्र अथवा रेडिओ विकण्यात व्याख्यान देण्याजोगे काय आहे, अशी शंका कोणाच्या मनात आल्यास ती अस्थानी नाही. परंतु गेल्या वर्षभरात संस्थेच्या कार्यालयात जी गाऱ्हाणी आली, त्यांतील दोन आम्ही येथे सांगतो. नावे अर्थातच सांगत नाही. एका भगिनीने दिवंगत पतीची संपूर्ण अंधारखोली, म्हणजे एन्लार्जर, भिंगे, दोन जर्मन कॅमेरे, सारे काही भंगारवाल्यास वजनावर देऊन टाकले. कारण कोणा आप्ताने ‘ऑनलाइन विकाल तर जीएसटीची नोटीस येईल’ अशी भीती घातली होती. दुसऱ्या एका सेवानिवृत्त बंधूंनी दुर्बीण विकावयास काढली आणि विकत घेणाऱ्याचे पैसे येण्याऐवजी त्यांच्याच खात्यातले गेले. एकास कराच्या भयाने नागविले, दुसऱ्यास चोराने. दोन्ही ठिकाणी नुकसान टाळता येण्याजोगे होते, म्हणूनच हा विषय आम्ही स्वीकारला.

पूर्वी या प्रकारात कटकट म्हणून नव्हतीच. पुण्याचा जुना बाजार म्हणा, मुंबईचा चोर बाजार म्हणा, तेथे वस्तू हातातून हातात जाई, नोटा मोजल्या जात आणि व्यवहार तेथेच संपे. आता वस्तूचे छायाचित्र संकेतस्थळावर चढते, भाव तेथेच ठरतो, पैसे यूपीआयने खात्यात येतात, आणि यांतील प्रत्येक पावलाची नोंद कोठे ना कोठे कायमची राहते. कायदा या विक्रीकडे ज्या नजरेने पाहतो ती नजर फारशी बदललेली नाही. बदलला आहे तो पुरावा. पूर्वी पुरावाच नसल्यामुळे प्रश्न उद्भवत नसे. आता अर्धा पुरावा आपोआप तयार होतो, म्हणजे पैसे आले एवढे दिसते; ते कशाबद्दल आले हा उरलेला अर्धा पुरावा मात्र ज्याचा त्याने सांभाळावयाचा असतो.

प्रथम प्राप्तिकराचे पाहू. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात ‘भांडवली मालमत्ता’ या संज्ञेची व्याख्या करताना वैयक्तिक वापराच्या चीजवस्तू तिच्यातून वगळलेल्या होत्या. स्वतःच्या अथवा आपल्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांच्या वापरासाठी बाळगलेली जंगम वस्तू, मग ते कपडे असोत, फर्निचर असो अथवा कॅमेरा असो, भांडवली मालमत्ता ठरत नाही. त्या कायद्याची जागा घेण्यासाठी केलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या २०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. याचा अर्थ असा की, स्वतः वापरलेला कॅमेरा विकून चार पैसे अधिक आले तरी त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही. आणि तोटा झाला तरी तो दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही. ज्या भगिनीचा आम्ही उल्लेख केला त्यांस हे एक वाक्य वेळेवर कोणी सांगितले असते तर त्या एन्लार्जरला वजनकाट्यावर चढण्याचा प्रसंग आला नसता.

या सवलतीस अपवाद आहेत, व ते ध्यानात ठेवावेत. दागदागिने, पुराणवस्तूंचे संग्रह, रेखाचित्रे, रंगचित्रे, शिल्पे आणि कलाकृती या वस्तू घरच्या वापरातल्या असल्या तरी भांडवली मालमत्ताच होत. शिवाय ‘वैयक्तिक वापर’ हे शब्द न्यायालयांनी सैलपणे वाचलेले नाहीत. महाराजा राणा हेमंतसिंहजी यांच्या प्रकरणात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सोन्याच्या मोहरा, चांदीची नाणी व चांदीच्या लगडी यांचा प्रश्न आला होता. लक्ष्मीपूजनात हे सारे देवीपुढे मांडले जाते, म्हणून ही वैयक्तिक वापराची वस्तू होय, असा महाराजांचा दावा होता. न्यायालयाने तो मानला नाही. वस्तूचा माणसाच्या नित्याच्या जीवनाशी निकटचा संबंध असावयास हवा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. दिवाळीस एकदा लगडी पुजणारे आपल्यातही असतील! छंदिष्टांनी यावरून इतके तरी उमजावे की, ज्या कॅमेऱ्याने लग्नकार्यांची, सहलींची छायाचित्रे घेतली तो निःशंकपणे वैयक्तिक वापराचा. पण काचेच्या कपाटात केवळ मांडून ठेवलेले पन्नास कॅमेरे तसेच मानले जातील, अशी खात्री बाळगू नये.

वडिलांच्या पश्चात मुलाकडे आलेल्या साहित्याविषयी वारंवार विचारणा होते. वारसाहक्काने वस्तू मिळाली एवढ्यावरून कर द्यावा लागत नाही. आपल्या देशातील मृत्युकर १९८५ सालीच रद्द झाला आहे. मुलाने अथवा त्याच्या घरच्यांनी ती वस्तू वापरली असेल तर वर सांगितलेली सवलत आहेच. ती नुसतीच पडून राहिली असेल आणि प्रश्न निघालाच, तर मुलाची खरेदी किंमत शून्य धरली जात नाही, वडिलांनी मोजलेली किंमतच धरली जाते. तेव्हा जुन्या पेटीतली पिवळी पडलेली दुकानाची पावती सापडल्यास ती टाकून देऊ नये. २००१ च्या १ एप्रिलपूर्वी घेतलेल्या वस्तूंबाबत त्या दिवशीचा बाजारभाव धरण्याचीही मुभा आहे.

आता खरा पेचाचा भाग येतो, आणि तो आमच्यासारख्या छंदिष्टांचा आहे. मनुष्य प्रथम स्वतःचा एक कॅमेरा विकतो. त्या पैशांत दोन नादुरुस्त कॅमेरे घेतो, रात्री जागून त्यांची झडप दुरुस्त करतो, भिंगावरची बुरशी काढतो, एक ठेवतो व एक विकतो. पुढे पाच घेतो आणि चार विकतो. कोणत्या दिवशी तो मालकाचा व्यापारी झाला, हे त्याचे त्यालाही सांगता येत नाही. विचारल्यास तो म्हणतो, ‘हा आमचा छंद आहे, धंदा नव्हे.’ हे उत्तर आम्ही पुष्कळदा ऐकले आहे, आणि ते पुरेसे नाही असे आमचे स्पष्ट मत आहे. कायदा मनातल्या आवडीस विचारीत नाही. वस्तू कशासाठी घेतली हे विचारतो. कोइमतूरच्या एका गिरणीलगतची जमीन गिरणीच्याच व्यवस्थापक मंडळीने विकत घेतली व काही वर्षांनी त्याच गिरणीस विकली. त्या प्रकरणात १९५८ सालच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, व्यवहार व्यापारी स्वरूपाचा आहे किंवा नाही हे ठरविण्यास एकच एक कसोटी नाही. सर्व परिस्थितीचा एकत्र विचार करावा लागतो. आणि केवळ पुन्हा विकण्याच्याच हेतूने खरेदी केली असेल तर तो हेतू फार वजनदार ठरतो. एकच व्यवहारही व्यापार ठरू शकतो. मग वर्षास तीस कॅमेरे विकणाऱ्याने छंदाच्या आड लपण्यात अर्थ नाही.

परंतु व्यापारी ठरल्याने आकाश कोसळते असेही नाही. लहान व्यापाऱ्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची पद्धत आहे. तीत हिशेबाच्या वह्या ठेवण्याची सक्ती नाही. बँकेमार्फत अथवा यूपीआयने आलेल्या विक्रीच्या ६ टक्के, आणि रोखीने आलेल्या विक्रीच्या ८ टक्के, इतके उत्पन्न किमान धरले जाते. समजा, एखाद्या बंधूने वर्षभरात ३ लाख रुपयांचे कॅमेरे विकले आणि सर्व पैसे खात्यात आले, तर त्यांचे धरावयाचे उत्पन्न १८ हजार रुपये होते. प्रत्यक्ष नफा याहून अधिक असल्यास तो दाखविणे हेच सचोटीचे. ही रक्कम निवृत्तिवेतनात अथवा पगारात मिळवावयाची. २०२५-२६ या आर्थिक वर्षासाठी नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, हे लक्षात घेतले म्हणजे आपल्यातील बहुतेक छंदिष्टांचा कर किती होईल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. भय जितके आहे तितका कर नाही.

वस्तू व सेवा कर, म्हणजेच जीएसटी, हे प्रकरण मात्र अधिक नाजूक आहे. हा कर व्यवसायाच्या ओघात केलेल्या पुरवठ्यावर आहे. घरच्या मनुष्याने स्वतः वापरलेली वस्तू विकली तर तो व्यवसायाचा पुरवठा नव्हे. २०१७ साली हा कर आला तेव्हा जुने दागिने सराफास विकणाऱ्या गृहिणींविषयी असाच गोंधळ उडाला होता, आणि तो व्यवसाय नसल्यामुळे कर नाही, असा खुलासा त्याच वर्षी जुलैत सरकारने केला. डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या मोटारींवरील दर १८ टक्के झाला तेव्हाही पुन्हा तीच अफवा पसरली. तो दर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर होता, स्वतःची गाडी विकणाऱ्यावर नव्हे. पण या कायद्यात ‘व्यवसाय’ या शब्दाची व्याख्या फार विस्तृत आहे. पैशाचा लाभ असो वा नसो, व्यवहार वारंवार होवोत वा न होवोत, व्यापार हा व्यापारच, असे ती म्हणते. छंदिष्टाची ढाल येथे अधिकच पातळ होते.

केवळ वस्तू विकणाऱ्यास महाराष्ट्रात वार्षिक ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. मजुरी घेऊन दुसऱ्यांचे कॅमेरे दुरुस्त करून देत असल्यास ती सेवा झाली व मर्यादा २० लाखांवर आली. या आकड्यांनी निश्चिंत होणाऱ्यांस एक गोष्ट ठाऊक नसते. व्यापारी म्हणून करपात्र वस्तू परराज्यात विकली, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची आहे. पुण्याहून सोलापुरास पाठविलेला कॅमेरा आणि पुण्याहून बेळगावास पाठविलेला कॅमेरा यांत या कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचे अंतर पडते. (बेळगावाविषयी आपणा सर्वांचे मत काहीही असो, कर खात्याच्या नकाशात ते कर्नाटकात आहे.) ऑनलाइन बाजारपेठेमार्फत विकणाऱ्यासही पूर्वी सरसकट नोंदणी लागे, १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्यास आपल्याच राज्यात, पॅन देऊन व केवळ नावनिशी क्रमांक घेऊन विकण्याची मुभा मिळाली. तरीही कित्येक बाजारपेठा नोंदणी क्रमांकाखेरीज दार उघडीत नाहीत.

ज्यांना नोंदणी घ्यावीच लागेल त्यांच्यासाठी एक दिलासा आहे. जुन्या मालाच्या व्यापाऱ्यास, त्याने खरेदीवरील कराची वजावट घेतली नसल्यास, पूर्ण किमतीवर नव्हे तर खरेदी-विक्रीतील फरकावर कर भरता येतो. ६ हजारांस घेतलेला कॅमेरा किरकोळ डागडुजी करून साडेआठ हजारांस विकला, तर अडीच हजारांवर, १८ टक्के दराने ४५० रुपये. तोट्यात विकला तर कर नाही. मात्र सहा हजारांस घेतला हे दाखविणारा कागद हवा. आणि आपण ज्याच्याकडून घेतो तो भंगारवाला अथवा शेजारी असा कागद कधी देत नाही. करापेक्षा ही अडचण मोठी आहे.

बाजारपेठेने आपल्यामार्फत झालेल्या विक्रीतून मुळातच प्राप्तिकर कापावा, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आहे. तेव्हाचा १ टक्का दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का झाला. व्यक्तीची वर्षातील विक्री ५ लाखांच्या आत असेल आणि तिने पॅन अथवा आधार दिलेला असेल तर ही कपात होत नाही. क्रमांक न दिल्यास ५ टक्के कापले जातात. म्हणून ‘पॅन कशास द्यावयाचा?’ असा बाणेदारपणा येथे महागात पडतो. कापलेली रक्कम विवरणपत्र भरून परत मिळते. ज्या संकेतस्थळावर केवळ जाहिरात लागते व पैसे परस्पर दिले-घेतले जातात, तेथे हा प्रश्न बहुधा येत नाही.

नोटिशीविषयी बोलावयाचे तर जुलै २०२५ मधील बंगळूरचा प्रकार सांगितलाच पाहिजे. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयने आलेल्या रकमांच्या बेरजा मांडून हजारो लहान दुकानदारांस नोटिसा पाठविल्या. त्यांत ज्यांच्या मालावर मुळी करच नाही असे भाजी, फळे, दूध विकणारेही सापडले. ठिकठिकाणी ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. बंदचा इशारा निघाल्यावर मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली आणि जुनी थकबाकी वसूल न करण्याचे सांगितले. खात्यात आलेला पैसा आणि उत्पन्न या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे खात्याचे यंत्र जाणत नाही. ते आपणच दाखवावे लागते. भावाने परत केलेले उसने पैसे, सहलीची वर्गणी आणि कॅमेऱ्याची किंमत ही तिन्ही त्या बेरजेत सारखीच दिसतात. यावर उपाय म्हणून रोखीकडे वळणे आम्हांस पसंत नाही. एका व्यवहारात २ लाख वा अधिक रोख घेणे तर २०१७ पासून निषिद्धच आहे. वारंवार विक्री करणाऱ्याने तेवढ्यापुरते एक स्वतंत्र बचत खाते उघडावे, हे अधिक सोपे.

आपल्या पुष्कळ घरांतील मुले अमेरिकेत आहेत, म्हणून तेथील दोन शब्द. तेथे बाजारपेठ विक्रेत्याच्या जमा रकमेची ‘१०९९-के’ नावाची नोंद सरकारला पाठविते. वर्षास २० हजार डॉलर व २०० व्यवहार ओलांडल्यावरच ती पाठवावी, असा नियम होता. २०२१ साली ही मर्यादा ६०० डॉलरवर आणण्याचा कायदा झाला, त्याची अंमलबजावणी वर्षानुवर्षे पुढे ढकलली गेली, आणि जुलै २०२५ च्या कायद्याने जुनी मर्यादा पूर्ववत केली. मॅसॅच्युसेट्ससारख्या काही राज्यांची स्वतःची ६०० डॉलरची मर्यादा मात्र आहे. आपल्या येथल्या व तेथल्या नियमांत भेद असा की, तेथे स्वतःच्या वापरातील वस्तू नफ्यात विकल्यास तो नफा करपात्र आहे आणि तोटा मात्र वजा होत नाही. शिवाय छंदाचे उत्पन्न दाखवावे लागते, पण २०१८ पासून छंदाचा खर्च त्यातून वजा मिळत नाही. मुलांनी वडिलांस अथवा वडिलांनी मुलांस आपापल्या देशाचा नियम सांगून घोटाळा करू नये.

आता चोरांविषयी. ज्या बंधूंची दुर्बीण आम्ही आरंभी उल्लेखिली, त्यांना आलेला गिऱ्हाईक स्वतःस लष्करातील अधिकारी म्हणवीत होता. भावाची घासाघीस नाही, वस्तू पाहण्याचा आग्रह नाही. ‘पैसे पाठवितो, हा चौकोनी संकेत स्कॅन करा आणि पिन घाला’ एवढेच. पैसे घेण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन लागते ती पैसे देण्यासाठी. हे वाक्य घरातील वृद्धांकडून पाठ करून घ्यावे. व्यक्तीने व्यक्तीकडे पैशांची मागणी पाठविण्याची यूपीआयवरील सोय ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली, त्यामुळे एक चोरवाट मिटली. पण संकेत स्कॅन करविण्याची वाट उघडीच आहे. पैसे गेल्यास विचार करीत न बसता तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे. पहिल्या काही तासांतच रक्कम अडविता येण्याची शक्यता असते.

याहूनही चमत्कारिक आपत्ती म्हणजे खाते गोठणे. गिऱ्हाइकाने दिलेले पैसे त्याने दुसऱ्या कोणास फसवून मिळविलेले असतात; तक्रार होते, पोलीस पैशाचा माग काढीत आपल्यापर्यंत येतात, आणि दूरच्या राज्यातील पोलीस ठाण्याच्या पत्रावरून बँक आपले खाते अडविते. आपण वस्तू दिली व तिची किंमत घेतली एवढेच घडलेले असते, परंतु ते सिद्ध कसे करावयाचे? म्हणून ज्याच्या नावे व्यवहार ठरला त्याच्याच नावाच्या खात्यातून पैसे घ्यावेत, ‘मित्राच्या खात्यातून पाठवितो’ म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा, आणि झालेला पत्रव्यवहार पुसून टाकू नये. आम्ही स्वतः वस्तू विकत घेतानाही विक्रेत्याची सहीची चिठ्ठी घेतो. कारण चोरीचा माल आहे असे ठाऊक असताना, अथवा तशी शंका घेण्यास जागा असताना, तो घेणे हा भारतीय न्याय संहितेखाली गुन्हा आहे. मोबाइल असल्यास त्याचा आयएमईआय क्रमांक सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासता येतो.

पाठवणीच्या कटकटी किरकोळ, पण चिवट आहेत. सुटी लिथियम बॅटरी टपालाने जात नाही. भिंग पोचल्यावर ‘बुरशी आहे’ म्हणून परत करणारा गिऱ्हाईक कधी कधी आपले भिंग ठेवून स्वतःचे बुरशी लागलेले धाडतो. यास्तव पेटी बंद करतेवेळी वस्तूचा अनुक्रमांक दिसेल असे चित्रण करून ठेवावे.

राहता राहिला कागद. एका साध्या पानावर वस्तूचे नाव, अनुक्रमांक, ती केव्हा व कितीस घेतली, घरी कोण वापरीत होते, कोणास व कितीस विकली, पैसे कोणत्या दिवशी कोणत्या खात्यातून आले, इतके लिहून दोघांनी सह्या कराव्यात. जुनी खरेदीची पावती असल्यास तिची प्रत जोडावी, आणि हे पान निदान आठ वर्षे जपावे. अशा पावतीचा नमुना आम्ही मराठीत तयार करून संस्थेच्या कार्यालयात ठेवला आहे; सभासदांस तो विनामूल्य मिळेल. ज्यांच्या घरी दिवंगतांचे साहित्य पडून आहे त्यांनी ते भंगारात घालण्यापूर्वी त्याची यादी व छायाचित्रे घेऊन एखाद्या रविवारी सकाळी कार्यालयात यावे. आम्ही तेथे असतो.